अम्माचा गळा

सासूबाईंच्या तेराव्याची पंगत उठली, केळीची पानं खाली गेली, भटजी कॉफी पिऊन निघाले, आणि मगच विद्युलताच्या लक्षात आलं की गेले तेरा दिवस या घरात कुणी गायलंच नव्हतं.

त्याआधीची चार वर्षं वेस्ट मांबलमच्या या फ्लॅटमध्ये असा एकही दिवस उगवला नव्हता. सासूबाईंना पक्षाघात झाला तेव्हा उजवा हात गेला आणि वाचा गेली. इस्पितळातून घरी आणल्यावर पहिल्याच सकाळी विद्युलता त्यांचं तोंड पुसायला गेली, तर त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. ओठ हलले, शब्द येईना. डोळे भरून आले. आणि मग भलत्याच कुठल्या दारातून बाहेर पडावा तसा सूर आला. "पाणी... दे गं, पाणी दे..." भरलेला, गोल, जराही न थरथरता. तो म्हाताऱ्या बाईचा आवाज नव्हताच. विद्युलताच्या हातून टॉवेल गळून पडला. लग्न होऊन ती नाशिकहून या घरात आली त्याला जन्म लोटला होता, आणि सासूबाईंना गाताना ती त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होती.

डॉक्टरांनी समजावलं होतं. मेंदूत बोलण्याची जागा एकीकडे, गाण्याची दुसरीकडे. एक बंद पडली, दुसरी शाबूत आहे. कधीकधी होतं असं.

होतं असेल. पण विद्युलताला त्याची सवय कधी झाली नाही. सासूबाई जे मागायच्या ते गाऊन मागायच्या, कारण दुसरा मार्गच नव्हता. रागांची नावं तिला तिच्या मुलीनं, संयुक्तानं शिकवली. सकाळची कॉफी बिलहरीत, पडदा ओढून घ्यायला सांगायचं ते मोहनमात. आणि गॅस सिलिंडरवाला चपला घालून आत आला तेव्हा सासूबाईंनी लावलेला अठाणा खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला होता. तो माणूस चपला हातात घेऊन उभाच राहिला. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला, म्हणाला, "अम्मांना म्हणावं, हिलाही एकदा रागवा."

आठवून विद्युलताला हसू फुटलं, आणि त्याच क्षणी बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला.

"सुनंदा, सायंकाळीं हॉलांत अम्माच्या शिष्या गाणार आहेत. तूंही एक गाणें म्हण."

वसंतराव असंच बोलायचे. रेल्वेत नोकरी करून निवृत्त झाले तरी तोंडची तंजावरी मराठी गेली नव्हती. ही दोनशे-तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहिलेली भाषा ऐकून विद्युलताला सुरुवातीला वाटलं होतं, की आपलं लग्न पोथीतल्या माणसाशी झालंय.

"मी गात नाहीं, अण्णा. तुला ठाऊक आहे," सुनंदा म्हणाली.

"आज तरी?"

"आज तर नाहींच."

विद्युलता कॉफीनं भरलेले पितळी डबरे घेऊन बाहेर आली. सुनंदा ही तिची नणंद. बँकेतून निवृत्त झालेली, अड्यारला एकटी राहणारी. त्याच शहरात राहून चार वर्षांत मोजक्या वेळा आलेली. शेवटची आली तेव्हा सासूबाईंनी तिला पाहून हात पुढे केला होता, 'ये गं, बस गं' असं किती हळुवार गायल्या होत्या. आणि ही बाई तिथून उठून सरळ स्वयंपाकघरात निघून आली होती. भांडी विसळायला! भांडी सगळी घासून पालथी घातलेली होती.

"आग्रह कशाला करता?" विद्युलता नवऱ्याला म्हणाली. "ज्यांना जिवंतपणी ऐकवेना, त्यांनी मेल्यावर तरी कशाला गावं?"

डबरा टेबलावर जरा जोरातच टेकला. कॉफी सांडली.

"आई, पोदुम," संयुक्ता म्हणाली. "बस झालं."

---

संयुक्ताला आईचा राग कळत होता. चार वर्षं आज्जीला उठवणं, बसवणं, भरवणं आईनं केलं होतं. ती स्वतः ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात होती. चालत्या गाडीत कुठे काय वाजतंय, कुठला आवाज नको, हे शोधायचं तिचं काम. सकाळी कंपनीची बस धरायची ती अंधार पडताना परत. पण परतल्यावर रोज ती आज्जीपाशी बसायची, आणि आज्जी तिला गाऊन विचारायची, आज काय ऐकलंस. संयुक्ता गिअरबॉक्सची घरघर तोंडानं काढून दाखवायची. आज्जी डोळे मिटून ऐकायची आणि तोच सूर लावून, त्याच्यापासून एक राग उलगडत न्यायची. लोखंडाच्या कुरकुरीतून तोडी निघताना संयुक्तानं ऐकली होती. कारखान्यात हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

आणि तरीही, आज ती आत्याच्या बाजूला जाऊन बसली. विद्युलतानं ते पाहिलं आणि मान वळवली.

"आत्या, मला अर्धंच माहितीय," संयुक्ता म्हणाली. "तुझ्या कचेरीत काय झालं होतं? घरी विचारलं की सगळे विषय बदलतात."

कचेरी म्हणजे गाण्याची मैफल आणि सभा म्हणजे ती भरवणारी संस्था, हे या घरात सांगावं लागत नसे. वसंतरावांनी बहिणीकडे पाहिलं. सुनंदा सांडलेली कॉफी पदरानं टिपत होती.

"विसावें वर्ष होतें मला," ती म्हणाली. "मार्गळीचा महिना, कचेऱ्यांचा मोसम. मैलापूरची मोठी सभा, माझी पहिली कचेरी. लहानपणापासून अम्मानें मला त्या एका दिवसासाठीं वाढवलें होतें. ती स्वतः कधीं मंचावर बसली नव्हती. त्या दिवशीं मागें तंबुरा घेऊन बसली. मुरलीमामा मृदंगावर. तोडी चालू केली मी. बरी चालली होती. वरच्या षड्जापाशीं गेलें आणि घसा मिटला. कोणी आवळल्यासारखा."

"मग?"

"मग मागून अम्मानें तो सूर लावला. आधार द्यायला. कोणतीही गुरु तेवढें करते. मी सावरलें, तोंड उघडलें. पण ती थांबली नाहीं." सुनंदाचा आवाज खाली आला. "ती गातच राहिली, संयुक्ता. मी मांडीवर हात ठेवून बसलें. किती वेळ, माहीत नाहीं. लोक उठून उभे राहिले. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत आलें तें तिच्याबद्दल. माझें नांव कंसांत होतें."

विद्युलता स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. मैफल बिघडली एवढंच तिच्या कानावर आलं होतं. कुणी, कशी, ते नाही.

"आणि त्यानंतर आज्जीचा घसा गेला," संयुक्ता म्हणाली.

"असें ती म्हणाली!" सुनंदा एकदम उसळली. "आठवड्याभरांत म्हणाली, घसा गेला, आतां सूर लागत नाहीं. वीणेवर शिकवीन. आम्हीं सगळ्यांनीं मानलें. बाबांनीं औषधें आणलीं. आणि मी... मी तिच्या तोंडावर म्हणालें, बरें झालें. देवानें बघितलें. वीस वर्षांची होतें. तें वाक्य घेऊन मी जगलें. तिचा गळा माझ्या शब्दानें गेला, असें वाटायचें मला. आणि चार वर्षांमागें वहिनींचा फोन येतो, अम्मा गाते आहे! तोच आवाज. कांहीं झालें नव्हतें त्याला. खोटें बोलली ती. एवढीं वर्षें आम्हांला सगळ्यांना फसवलें. कां? मला सांगा कुणीतरी, कां? त्या आवाजापुढें बसून मी काय करायचें होतें, वहिनी?"

विद्युलतानं पुढे होऊन नणंदेच्या हातातला ओला पदर सोडवला आणि टेबल स्वतः पुसायला घेतलं.

वसंतराव खिडकीपाशी गेले. ते कुणाच्या बाजूनं बोलणार, हे त्यांनाही ठरवता येत नव्हतं. "अम्मा खोटें बोलणारी नव्हती," ते एवढंच म्हणाले.

"मग हें काय होतें?"

दाराची घंटा वाजली.

---

मुरलीमामांना जिने चढून धाप लागली होती. महालक्ष्मी अम्माचे ते मावसभाऊ, तंजावरातल्या एकाच गल्लीत वाढलेले. वय चौऱ्याऐंशी, बोटं वाकडी झालेली, तरी बसल्याजागी मांडीवर ताल चालू. हॉलवर जाण्याआधी घरच्यांना सोबत घेऊन जावं म्हणून ते आले होते. खोलीतली तोंडं पाहून ते खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं.

"मामा," वसंतराव म्हणाले, "सुनंदा विचारते आहे. अम्मा कां गायची थांबली? घसा तर बरा होता."

मुरलीमामांनी पेला खाली ठेवला. ते सुनंदाकडे वळले.

"होंदे," ते म्हणाले. असू दे, झालं, चला, सगळ्याला त्यांचा हा एकच शब्द. "आतां महा नाहीं. तिला दिलेला शब्द कोणासाठीं राखूं? ऐक. त्या कचेरीनंतर सभांचीं माणसें माझ्याकडे आलीं. तुझ्या बहिणीला राजी कर, म्हणालीं. मी आलों. याच मांबलमांत, तुमच्या जुन्या घरीं. ती तांदूळ निवडत होती. मी म्हणालों, महा, चाळीस वर्षें मृदंग वाजवणाऱ्यांनाही जें ऐकायला मिळत नाहीं, तें मी त्या सायंकाळीं ऐकलें. माझे हात वाजवत होते कीं थांबले होते, मला ठाऊक नाहीं. तूं गायलीच पाहिजेस."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मुरली, मी पोरीला सावरायला सूर लावला. खरेंच तेवढ्यासाठीं. आणि मग असें वाटलें कीं जन्मभर बंद असलेलें घर उघडलें. मी एकेका खोलींत जात राहिलें. किती मोठें होतें तें! आणि परत आलें, डोळे उघडले, तर पुढ्यांत पोर बसलेली. ती तिथें आहे हेंच मी विसरलें होतें. पोटची पोर, मुरली. हातभर अंतरावर."

मुरलीमामांनी पाण्याचा एक घोट घेतला.

"मी म्हणालों, गाण्यांत असें होतें. ती म्हणाली, होत असेल. मला तसें नको. मी म्हणालों, मग सुनंदाला जाऊन हें सांग. तर म्हणाली, सांगितलें तर ती मला क्षमा करेल आणि माझ्यासाठीं गायला बसेल. तिनें कोणासाठीं म्हणून गाऊं नये. घसा गेला असें म्हटलें कीं कोणी विचारणार नाहीं, सभा येणार नाहीं. तूं पण बोलूं नकोस."

"म्हणजे मी गायलें असतें तर..." सुनंदा म्हणाली.

"नाहीं, नाहीं. तसा सौदा नव्हता तो. तूं तुझ्या डोक्यावर घेऊं नको." मुरलीमामांनी वाकड्या बोटांचा हात वर केला. "मी पण कितीदां चिडलों तिच्यावर. एवढें मोठें दान, आणि ही बाई तें झांकून ठेवते! नंतर नंतर मला कळलें कीं ती दुःखांत नाहीं. सकाळीं मुली यायच्या, ही वीणेवर एक ओळ वाजवायची, मुलींनी ती गळ्यांतून काढायची. स्वतः चकार सूर लावायची नाहीं. किती मोठी शक्ति लागली असेल, बघ. गाणें येत नाहीं म्हणून गप्प बसणें सोपें आहे. तिच्या आंत तर समुद्र होता."

विद्युलता भिंतीला टेकून खाली बसली. चार वर्षं ती ज्या आवाजाला पाणी देत होती, कॉफी देत होती, त्या आवाजानं आपणहून मौन धरलं होतं. आणि शेवटी शरीरानं बोलण्याचं दार बंद केलं तेव्हा पाण्यासाठी त्याला बाहेर यावं लागलं. सासूबाई पहिल्या सकाळी रडल्या होत्या ते वाचा गेली म्हणून, असं ती समजत आली होती. कदाचित तसं नसेल. कदाचित मोडलेल्या शब्दासाठी रडल्या असतील. किंवा त्या मोठ्या घरात पुन्हा पाऊल पडलं म्हणून.

"सुनंदाताई," ती म्हणाली, "मघाशी मी बोलले ते..."

"तुम्हीं केलेंत तें मी केलें नाहीं, वहिनी. बोलायचा हक्क आहे तुम्हांला."

"हक्काचं सोडा. तुम्ही त्या दिवशी स्वयंपाकघरात आलात ना, तेव्हा त्या गायच्या थांबल्या नव्हत्या. तुम्ही गेल्यावरही गात होत्या. रागावल्या नव्हत्या त्या. संयुक्ता, कुठला गं राग तो?"

"सहाना," संयुक्ता म्हणाली. "आत्या, त्यात संताप नसतो. तुला तर माहितीय."

सुनंदाला माहीत होतं. ती उठली, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आली आणि म्हणाली, "चला. हॉलला उशीर होतो आहे. मी येतें. पण गाणार नाहीं."

यावेळी कुणीच आग्रह केला नाही. वसंतरावांनी मामांच्या काखेत हात घातला आणि सगळे जिना उतरले.

---

सुनंदाला वाटलं होतं, पन्नासेक माणसं असतील. हॉलच्या पायऱ्यांपर्यंत चपला आल्या होत्या. आत बायकाच बायका, त्यांच्यामागे त्यांच्या मुली, काही ठिकाणी नातीसुद्धा. मांबलम स्टेशनच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्या जणू रिकाम्या झाल्या होत्या. मंचावर अम्माची तसबीर, मोगऱ्याच्या माळा, आणि बाजूला पांढऱ्या कापडावर ठेवलेली वीणा. सुनंदा एकटीच शेवटच्या रांगेत, पंख्याखाली जाऊन बसली. त्या रांगेत तिला ओळखणारं कुणी नव्हतं.

शिष्या एकेक करून पुढे येत होत्या. भाषण कुणी केलं नाही. यायच्या, दोन ओळी गायच्या, नमस्कार करून उतरायच्या.

पहिली एक शाळेतली मास्तरीण, जाड, खर्जातला आवाज. नंतर एक किडकिडीत बाई, तिचा गळा तारेसारखा बारीक, पण सूर असा टोचणारा की पुढच्या रांगेतली पोरं गप्प झाली. मग दम्यानं धापणारी एक म्हातारी. तिनं ओळ तीन तुकड्यांत म्हटली, आणि ते तुकडे कुठे जोडायचे ते तिला पक्कं ठाऊक होतं. मग महाविद्यालयातली एक मुलगी, हसत हसत, उड्या मारल्यासारखी गाणारी.

सुनंदा ऐकत होती, आणि प्रत्येक गळ्यात अम्मा शोधत होती.

या शहरात शिष्येनं तोंड उघडलं की गुरूचं नाव सांगता येतं. तीच वळणं, तोच हेल, गुरूला सर्दी असेल तर शिष्याही नाकात गाते. सुनंदा स्वतः विसाव्या वर्षी पूर्ण अम्मा होती. अम्माचा श्वास, अम्माची हरकत, अम्मानं मान वळवली तशी मान. घसा मिटला तो त्यातून. वरच्या षड्जापाशी तिला अम्माच्या आवाजातच पोहोचायचं होतं, आणि तो आवाज तर तिच्या मागे, हातभर अंतरावर बसला होता. हे तिला आज, या पंख्याखाली, पहिल्यांदा कळत होतं.

आणि इथे? एकाही गळ्यात अम्मा नव्हती. प्रत्येकीचा आवाज तिचा तिचा होता. कारण त्यांच्यापुढे अम्मा कधी गायलीच नव्हती. तिनं फक्त तार छेडली होती, आणि बाकीचं जिचं तिला शोधायला लावलं होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं, रोज सकाळी, आतला समुद्र दाबून धरून. एवढ्या बायका, आणि एकही नक्कल नाही.

"अम्मा," सुनंदा पुटपुटली. लहानपणी मोठ्या गोपुराखाली उभं राहून कळस बघताना मान मागे जायची आणि तोल सुटायचा, तसं काहीसं तिला झालं. या बाईला आपण खोटारडी म्हटलं होतं, दुपारीच.

शेवटी संयुक्ता मंचावर आली. तिनं माईक जरा बाजूला केला आणि म्हणाली, "आज्जी नव्या विद्यार्थिनीला जे पहिलं गीत शिकवायची ते सगळ्यांना येतं. बसल्या जागी म्हणूया."

ते तंजावरच्या घराघरांत म्हटलं जाणारं जुनं मराठी पद होतं. निम्म्या बायकांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, तरी पाठ होतं. मुरलीमामांनी पहिल्या रांगेत खुर्चीच्या हातावर ताल धरला. सगळ्या एकदम गाऊ लागल्या, आणि शंभर तऱ्हांचे ते गळे एका सुरावर येऊन टेकले तेव्हा हॉलचे पंखे ऐकू येईनासे झाले. वसंतराव डोळे मिटून उभे होते. त्यांच्या शेजारी विद्युलता, जिला गाता येत नव्हतं, ती ओठ हलवत होती.

दुसऱ्या कडव्याला सुनंदाच्या लक्षात आलं की आपणही गातो आहोत. केव्हापासून, कुणास ठाऊक. आवाज खरखरीत होता, गंजलेला, वयाचा. तो कुणासारखा नव्हता. वरचा षड्ज आला. ती त्याच्याकडे गेली, आणि पोहोचली, आणि तिथे थोडा वेळ थांबली.

पद संपलं. शेजारी बसलेली पंचविशीतली मुलगी वळून तिच्याकडे बघत होती.

"आंटी, केवढं छान गाता तुम्ही," तिनं तमिळमध्ये विचारलं. "तुमच्या टीचर कोण?"

सुनंदानं मंचावरच्या तसबिरीकडे बोट केलं.

"आमच्या महालक्ष्मी टीचर? तुम्हाला वर्गात कधी पाहिलं नाही. केव्हा शिकलात?"

"सगळ्यांच्या आधी," सुनंदा म्हणाली.